कार्ल मिखाएल त्सीरर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिएन्नाचा नववर्ष संगीतसोहळा बघून झाला की दर जानेवारीत तेच ते प्रश्न येतात. बँडवाले, नाचाचे क्लास घेणारे आणि जुन्या तबकड्या जमवणारे वर्षभर वेगळेच काही विचारत असतात. दोन्ही इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

1. हा त्सीरर नक्की कोण? थोडक्यात सांगा.

ऑस्ट्रियन संगीतकार, वाद्यवृंदाचा संचालक आणि तीन वेळा लष्करी बँडमास्टर. जन्म व्हिएन्नात 2 मे 1843, मृत्यू तिथेच 14 नोव्हेंबर 1922. वडील टोप्या बनवणारे. साधारण सहाशे नृत्यरचना आणि मार्च (संचलनाच्या चाली), शिवाय वीसहून जास्त ऑपेरेटा (संवाद आणि गाण्यांची हलकीफुलकी नाटकं, प्र. 10 पाहा) त्याच्या नावावर आहेत. व्हिएन्नाच्या वॉल्ट्झसाठी गाजलेल्या स्ट्रॉस घराण्याच्या सावलीतला दुय्यम माणूस अशी त्याची ओळख करून दिली जाते. ती आम्हाला पटत नाही. स्ट्रॉसची वॉल्ट्झ (तीन मात्रांचं गोल फिरतं नृत्य) नाचघरातून आली, त्सीररची छावणी आणि बागेतल्या बँडस्टँडवरून आली. म्हणूनच तिचे ठोके जास्त ठसठशीत आहेत आणि चाल एकदा ऐकताच तोंडात बसते.

2. नावाचा उच्चार झिएरर, झिहरर की आणखी काही?

त्सीरर. नाव Ziehrer असं लिहितात. जर्मनमध्ये 'Z' या आद्याक्षराचा उच्चार 'त्स' होतो, पुढची 'ई' दीर्घ असते आणि मधला 'ह' उच्चारला जात नाही. ऑपेरेटाकार कार्ल त्सेलर याच्याशी गल्लत करू नका. तो 'डेअर फोगेलहेंडलर' (1891) या ऑपेरेटाचा कर्ता, पेशाने कायदेपंडित आणि सरकारी अधिकारी. दोघांची नावं वर्णक्रमाने शेजारी येतात, त्यामुळे याद्यांमध्ये एकाची रचना दुसऱ्याच्या नावावर गेलेली दिसते.

3. लष्करी बँडमास्टर होता म्हणजे तो सैनिक होता का?

नाही. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात रेजिमेंटचा 'कापेलमाइस्टर' हा बहुधा कराराने नेमलेला मुलकी संगीतकार असे. अंगावर गणवेश असला तरी त्याला अधिकाऱ्याचा हुद्दा नसे. बँडच्या खर्चाचा बराच भाग रेजिमेंटचे अधिकारी आपल्या पगारातून वर्गणी काढून भागवत आणि उरलेला बँडने बाहेर वाजवून मिळवायचा. बागा, उपाहारगृहं, बॉल (नाचाचे समारंभ), सगळीकडे सुपाऱ्या घेतल्या जात. शहरातले मुलकी वादक त्यामुळे कायम तक्रार करत, आणि ते साहजिकच होतं. सरकारी पोशाखातला, कसून तालमी केलेला बँड कमी पैशांत मिळत असेल तर त्यांना कोण बोलावणार? फ्रान्झ लेहार, कारेल कोमझाक, युलिउस फुचिक हे सगळे याच पठडीतून आले.

4. लष्करी बँडच्या जाहिरातीत व्हायोलिनं कशी काय?

हा प्रश्न येतोच, कारण आपल्या डोळ्यांसमोर बँड म्हटलं की पितळी वाद्यंच येतात. ऑस्ट्रियन रेजिमेंटच्या बऱ्याच वादकांना दोन वाद्यं यावी लागत. सकाळी संचलनात जो क्लॅरिनेट वाजवी तोच संध्याकाळी सभागृहात व्हायोलिन घेऊन बसे, आणि मैदानात खांद्यावर हेलिकॉन (अंगाभोवती वळवलेलं मोठं पितळी वाद्य) घेऊन चालणारा रात्री डबल बास धरी. म्हणून एकाच रचनेचे दोन संच मिळतात, एक फुंकवाद्यांचा आणि एक तंतुवाद्यांसह पूर्ण वाद्यवृंदाचा. जुना पार्ट (एका वाद्याच्या नोटेशनचा कागद) हाती आला तर आधी तो कोणत्या संचातला आहे ते बघा. दोन्ही संचांतले पार्ट एकत्र केले की सूर जुळत नाहीत, कारण बँडच्या संचात पट्टी अनेकदा बदललेली असते.

5. त्याने कोणत्या रेजिमेंटमध्ये आणि केव्हा काम केलं?

तीन ठिकाणी. 1870 मध्ये 55 व्या पायदळ रेजिमेंटमध्ये (गोंद्रेकूर) तो रुजू झाला. 1873 च्या व्हिएन्ना जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास ते सोडून त्याने स्वतःचा मुलकी वाद्यवृंद उभारला. पुढे 76 व्या रेजिमेंटमध्ये (क्नेबेल) 1877 पर्यंत. तिसरी नेमणूक सर्वांत महत्त्वाची: 1885 ते 1893, 4 थी पायदळ रेजिमेंट, 'होख उंट डॉइचमाइस्टर'. ही व्हिएन्नाची घरची रेजिमेंट, जवान शहरातले आणि आसपासचे. तिचा बँड रस्त्याने निघाला की पोरंसोरं मागे धावत. हा बँड हाती आला आणि त्सीरर शहराचा लाडका झाला. त्याच्या चांगल्या वॉल्ट्झपैकी बऱ्याच याच आठ वर्षांतल्या आहेत.

6. स्ट्रॉसशी त्याचं वैर होतं असं म्हणतात. खरं किती?

सुरुवात प्रकाशकाच्या रागातून झाली. कार्ल हास्लिंगर हा स्ट्रॉस मंडळींचा प्रकाशक. योहान स्ट्रॉसशी बिनसल्यावर त्याला तोडीस तोड माणूस हवा होता. त्याने तरुण त्सीररला हेरलं, शिकवणीची सोय केली, वाद्यवृंद उभा करून दिला आणि 21 नोव्हेंबर 1863 रोजी डायाना सभागृहात त्याचं पहिलं जाहीर वादन घडवलं. म्हणजे वीस वर्षांच्या मुलाला आखाड्यात उतरवलं ते दुसऱ्याने.

दुसरा खटका 1878 चा. योहानचा धाकटा भाऊ एडुआर्ड याने सोडलेले वादक त्सीररने घेतले आणि 'पूर्वीचा एडुआर्ड स्ट्रॉसचा वाद्यवृंद' अशी पाटी लावली. एडुआर्ड चिडला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. चूक त्सीररचीच होती. वादक घेणं एक वेळ ठीक, पण त्यांच्याबरोबर नावही घेऊन चालत नाही. हाच संच घेऊन तो पूर्व युरोप आणि जर्मनीच्या दौऱ्यावर गेला. त्या वर्षांतच बर्लिनमध्ये ऑपेरेटा गायिका मारिआने एडेलमानशी त्याची गाठ पडली आणि पुढे त्यांनी लग्न केलं.

7. स्ट्रॉसवर त्याने मात केली तो प्रसंग कोणता?

12 फेब्रुवारी 1890, व्हिएन्नाच्या नव्या नगरभवनातला पहिला नगर-बॉल. दोन वाद्यवृंद होते, एडुआर्ड स्ट्रॉसचा आणि त्सीररचा डॉइचमाइस्टर बँड. योहान स्ट्रॉसने या रात्रीसाठी 'राटहाउसबाल-टेन्त्से' (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक, इथे 438) लिहिली होती, त्सीररने 'वीनर ब्युर्गर' (ओपस 419), म्हणजे व्हिएन्नाचे नागरिक. लोकांनी कौल दिला तो त्सीररला. दोन्ही लागोपाठ ऐकल्या तर कारण कळतं. स्ट्रॉसची रचना बारकाव्यांनी भरलेली आहे, पण गर्दीने गच्च भरलेल्या दालनात बारकावे कुणाला ऐकू येणार? 'वीनर ब्युर्गर'ची पहिली वॉल्ट्झ थेट पायांत शिरते. एका रात्रीच्या निकालावरून थोर-लहान ठरवू नये, हेही तितकंच खरं.

8. शिकागोला गेला आणि नोकरी गमावून आला, हे कसं?

1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात 'जुनं व्हिएन्ना' नावाची एक पेठ उभारली होती. तिथे वाजवायला त्सीरर डॉइचमाइस्टरांचा बँड घेऊन गेला. प्रतिसाद जोरदार मिळाला, पुढे दौरा लांबला आणि मंजूर रजेची मुदत उलटून गेली. लष्करात याला माफी नाही, त्यामुळे डॉइचमाइस्टरांकडची जागा गेली. परतल्यावर त्याने स्वतःचा मुलकी वाद्यवृंद चालवला आणि हळूहळू रंगभूमीकडे वळला. मोठ्या ऑपेरेटा यानंतरच्या आहेत, त्यामुळे नोकरी जाणं त्याच्या पथ्यावरच पडलं असं म्हणायला हरकत नाही.

9. ऑपेरेटांपैकी कोणत्या महत्त्वाच्या?

सगळ्यांची यादी देण्यात अर्थ नाही, बऱ्याच आज कुणी वाजवतही नाही. 'क्योनिग जेरोम' (1878) आणि 'आइन डॉइचमाइस्टर' (1888) आधीच्या काळातल्या. खरं यश 'डी लांडश्ट्रायखर' म्हणजे 'भटके' या ऑपेरेटाने दिलं. 1899 च्या उन्हाळ्यात प्राटर बागेतल्या 'व्हिएन्नातलं व्हेनिस' या करमणूक-नगरीत ती पहिल्यांदा झाली. संहिता लेओपोल्ड क्रेन आणि कार्ल लिंडाऊ यांची. भटक्या नवरा-बायकोला वाटेत मोठ्या रकमेची नोट आणि दागिना सापडतो आणि घोटाळ्याला सुरुवात होते. 'जाय गेप्रीझन, डू लाउशिगे नाख्ट' हे तिच्यातलं रात्रीचं वॉल्ट्झगीत आजही गायलं जातं.

त्यानंतर 'डी द्राय व्युन्शे' (1901), 'डेअर फ्रेम्डनफ्यूरर' (1902, पर्यटकांचा वाटाड्या), 'डेअर शेट्समाइस्टर' (1904), 'फेशे गाइस्टर' (1905), 'लीबेसवाल्त्सर' (1908). 'ओ वीन, माइन लीबेस वीन' हे गाणं अनेकांना लोकगीत वाटतं, पण ते 'फ्रेम्डनफ्यूरर'मधलं आहे. एखाद्या संगीतकाराला यापेक्षा मोठी पावती मिळत नाही.

10. ऑपेरेटा म्हणजे आपलं संगीत नाटकच ना?

जवळचं आहे, तेच नाही. बोललेले संवाद आणि मधे पदं, लोकांच्या ओठांवर राहणाऱ्या चाली, ठरावीक नटांसाठी लिहिलेल्या भूमिका, एवढं साम्य पक्कं. काळही जुळतो: किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' 1880 चं. फरक असा की ऑपेरेटात प्रत्येक सूर कागदावर ठरलेला असतो आणि 'वन्स मोअर' मिळाला तरी गायक आलापी वाढवत नाही, तोच भाग पुन्हा म्हणतो. शिवाय सगळ्याचा कणा नृत्य आहे. पद बंद झालं तरी वॉल्ट्झ चालूच राहते.

11. 'भटके' न्यूयॉर्कमध्येही झालं म्हणे. तिथलं संगीत त्सीररचंच का?

इथे फसगत होते. 1901 मध्ये 'द स्ट्रोलर्स' या नावाने ब्रॉडवेवर आलेला प्रयोग गोष्टीपुरता 'लांडश्ट्रायखर'वरून घेतला होता. संगीत मात्र लुडविग एंगलँडरचं. त्या तबकड्या किंवा गीतांचे कागद त्सीररचे समजून विकत घेऊ नका. 1908 चं 'मॅडमोझेल मिस्चिफ' आणि 1911 चं 'द किस वॉल्ट्झ' या प्रयोगांत त्याचं संगीत होतं, पण 'किस वॉल्ट्झ'मध्ये जेरोम कर्नची गाणीही घातलेली आहेत. त्या काळी ही सर्रास पद्धत होती.

12. काहीच ऐकलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

'हेराइनश्पात्सीर्ट' (ओपस 518) ही वॉल्ट्झ. नावाचा अर्थ 'या, आत या', जत्रेतला तंबूवाला हाक मारतो तसा. मग 'वेआनर माडल्न' (ओपस 388), 'शोनफेल्ड-मार्श' (ओपस 422) आणि धावती पोल्का (दोन मात्रांचं नृत्य) 'लोसलासन' (ओपस 386). व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या नववर्ष सोहळ्यातून ऐकायचं तर 2016 ला 'वेआनर माडल्न', 2019 ला सुरुवातीलाच 'शोनफेल्ड-मार्श', 2020 ला 'लांडश्ट्रायखर'चं प्रास्ताविक आणि 2022 ला 'नाख्टश्वेर्मर' (ओपस 466) अशी नोंद ठेवा. व्हिएन्ना ऑपेरा बॉलच्या आरंभी पांढऱ्या पोशाखातल्या तरुणी जोडीदारांसह आत येतात तेव्हा वाजते ती त्याचीच 'फेखर-पोलोनेज' (ओपस 525).

13. तीच रचना वेगवेगळ्या नावांनी सापडते. नेमकी कशी शोधायची?

ओपस क्रमांकाने. 'वेआनर माडल्न' हे व्हिएन्नाच्या बोलीतलं नाव. काही प्रकाशक ते शुद्ध करून 'वीनर मेडल' छापतात. 'हेराइनश्पात्सीर्ट'मध्ये कधी एक 'र', कधी दोन. मार्चचं पूर्ण नाव 'फ्रायहेर फॉन शोनफेल्ड', सोहळ्याच्या पत्रिकेत नुसतं 'शोनफेल्ड'. 'लाउशिगे नाख्ट' तर गाणंही आहे आणि त्यावरून केलेली स्वतंत्र वॉल्ट्झही (प्र. 20 पाहा).

14. शिट्टी वाजवायची असते ती कोणी आणि कशी?

'वेआनर माडल्न'मध्ये वॉल्ट्झची चाल वादक ओठांनी शिट्टी घालून घेतात. 'नाख्टश्वेर्मर'मध्ये गाणं आणि शिट्टी दोन्ही. अडचण उघड आहे: तोंडाने वाद्य वाजवणारा शिट्टी घालू शकत नाही. म्हणून हे काम मुख्यतः तंतुवाद्यवाल्यांकडे आणि ज्यांना त्या मात्रांत विराम आहे त्यांच्याकडे द्या. चार-पाच जणांची शिट्टी बेसूर वाटते, बारा-पंधरा जणांची आपोआप एका सुरात मिसळते. साथ अगदी हळू ठेवा, नाहीतर चौथ्या रांगेपलीकडे काही पोचत नाही. तालमीत हसू येऊ द्या, कार्यक्रमात नको, कारण हसणाऱ्या ओठांतून शिट्टी निघत नाही. पाण्याचा घोट आधीच घ्यावा, ओठ कोरडे पडले की वरचे सूर पहिल्यांदा जातात.

15. नोटेशनप्रमाणे वाजवलं तरी व्हिएन्नासारखं वाटत नाही. काय चुकतं?

दुसरा ठोका. कागदावर तीन समान मात्रा दिसतात, पण व्हिएन्नाचे वादक दुसरी किंचित आधी घेतात आणि मग तिसरीपूर्वी बारीकशी पोकळी राहते. हे काम दुसऱ्या व्हायोलिनचं, व्हायोलाचं आणि हॉर्नचं. चाल वाजवणाऱ्याने त्यात पडू नये. नेहमीची चूक म्हणजे हा झोका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सारखाच देणं. चाल लांब सुरांची असेल तिथे जास्त, भरभर सुरांची असेल तिथे जवळपास शून्य.

तबल्यावर साथ देऊ का, असंही विचारतात. वॉल्ट्झची दोन मापं (तीन मात्रांचं एक माप, म्हणजे बार) मिळून सहा मात्रा होतात म्हणून दादरा सुचतो, पण दादऱ्याची चौथी मात्रा खालीची आणि वॉल्ट्झच्या दर मापाची पहिली मात्रा भरीव. ठेका जसाच्या तसा लावला की दर दुसरं माप लंगडं वाटतं.

लयीचं म्हणाल तर स्पर्धेतली व्हिएनीज वॉल्ट्झ मिनिटाला 58 ते 60 मापं अशी बांधलेली असते. ऐकण्यासाठी वाजवताना प्रास्ताविक आणि प्रत्येक नव्या वॉल्ट्झची पहिली दोन मापं मोकळी सोडा. मार्चला मिनिटाला 114 पावलांच्या आसपास थांबा. अमेरिकन मार्चच्या 120 ने पळवलं तर 'शोनफेल्ड'चा डौल जातो.

16. जुने जर्मन पार्ट मिळाले, आमच्या ब्रास बँडला कसे लावायचे?

आधी अक्षरं समजून घ्या. जर्मन पद्धतीत 'बे' म्हणजे आपला बी-फ्लॅट आणि 'हा' म्हणजे शुद्ध बी. 'एस' म्हणजे ई-फ्लॅट, 'आस' म्हणजे ए-फ्लॅट. गोव्यात किंवा मुंबईत नोटेशनवर वाजवणाऱ्या बँडचा पहिला दिवस हमखास इथे वाया जातो, कारण 'बे'चा पार्ट शुद्ध 'बी' समजून अर्धा सूर वर नेला जातो.

ऑस्ट्रियन बँडमध्ये मुख्य चाल ट्रंपेटकडे नसते, फ्लुगेलहॉर्नकडे असते. तो पार्ट तुमच्या बी-फ्लॅट कॉर्नेटला जसाच्या तसा चालतो. 'एस' ट्रंपेटचे पार्ट बहुतेक ठेक्याबाहेरचे 'चक-चक' भरणारे असतात. ते ई-फ्लॅट हॉर्नला द्या, फक्त आवाज सप्तकभर खाली येईल हे लक्षात ठेवून मधली गर्दी कमी करा. बास-फ्लुगेलहॉर्नचा पार्ट बॅरिटोन किंवा युफोनियमला. 'क्लाइने ट्रोमेल' म्हणजे साइड ड्रम, 'ग्रोसे ट्रोमेल' म्हणजे मोठा ड्रम, 'चिनेलन' म्हणजे झांजा. बरेचदा संचात पूर्ण स्कोअर नसतो. 'डिरेक्त्सिओन' असं लिहिलेलं दोन-तीन ओळींचं पान हाच संचालकाचा कागद. तो हरवलेला संच घेऊ नका.

17. कॉपीराइट लागतो का?

संगीताला नाही. भारतात कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, युरोपीय संघात 70. त्सीरर 1922 ला गेला, म्हणजे 1982 आणि 1992 अखेर दोन्हीकडे हक्क संपले. 'लांडश्ट्रायखर'चे संहिताकार क्रेन 1930 ला आणि लिंडाऊ 1934 ला वारले, त्यामुळे तेही मोकळं. पण अलीकडच्या कुणी केलेली बँड-मांडणी, नवा अनुवाद आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे. ध्वनिमुद्रणाला भारतात प्रकाशनापासून 60 वर्षं. तुमचा व्हिडिओ अडकतो तो बहुतेक वेळा ध्वनिमुद्रणावरून, त्सीररवरून नव्हे.

18. तो प्रसिद्ध डॉइचमाइस्टर मार्च त्याचाच ना?

नाही. 'डॉइचमाइस्टर-रेगिमेंट्समार्श' विल्हेल्म आउगुस्ट युरेकचा, 1893 चा. नेमक्या त्याच वर्षी त्सीररने रेजिमेंट सोडली, म्हणून गोंधळ होतो.

19. दरबारी बॉल-संचालक हे पद काय होतं, आणि शेवटी तो गरिबीत का गेला?

'होफबालमुझिकडिरेक्टर' ही राजवाड्यातल्या बॉलसाठी दिली जाणारी मानाची पदवी. थोरला योहान स्ट्रॉस, धाकटा योहान, एडुआर्ड आणि 1907-08 च्या सुमारास त्सीरर, असे चौघेच. 1901 ला एडुआर्ड निवृत्त झाल्यावर पद रिकामंच होतं. 1918 ला साम्राज्य संपलं, राजवाड्यातले बॉल बंद झाले, म्हणून तो शेवटचा ठरला. युद्धानंतरच्या चलनफुगवट्यात साठवलेला पैसा मातीमोल झाला, आजारपणही पाठीस लागलं. मध्यवर्ती दफनभूमीत त्याची सन्मानाची कबर आहे आणि प्राटरमध्ये पुतळा.

विली फोर्स्टने त्याच्यावर 'वीनर मेडल' हा रंगीत चित्रपट केला, स्वतःच भूमिका करून. चित्रीकरण 1944-45 चं, प्रदर्शन 1949 ला. संगीतासाठी जरूर बघा, तारखांसाठी नको.

20. ऑपेरेटाच्या नावाची वॉल्ट्झ आहे, पण ऑपेरेटात ती सलग कुठेच सापडत नाही. ध्वनिमुद्रण अपुरं आहे का?

अपुरं नाही. ऑपेरेटा चालली की तिच्यातल्या तीन-चार चाली उचलून नाचघरासाठी वेगळी वॉल्ट्झ, एखादी पोल्का, एखादा मार्च असे कागद स्वतंत्र ओपस क्रमांकाने विकले जात. कमाई त्यातच असे. म्हणून 'हेराइनश्पात्सीर्ट'चे तुकडे 'शेट्समाइस्टर'मध्ये आणि 'जाम्ट उंट जायडं' (ओपस 515) चे 'फ्रेम्डनफ्यूरर'मध्ये वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले मिळतील, कधी दुसऱ्या पट्टीत, कधी संथ. शोधायचं असेल तर वॉल्ट्झचं प्रास्ताविक सोडून द्या. ते बहुधा नव्याने जोडलेलं असतं. पहिल्या वॉल्ट्झची आठ मापं लक्षात ठेवा आणि अंकांच्या शेवटची समूहगीतं आधी तपासा.